पुडीला आम्ही औषध म्हणत नाही

‘मावशी, कोमलच्या लाडवांत तुम्ही काही औषध घातलं होतं का?’

मॅनेजर सरांनी हे विचारलं तेव्हा एक भाकरी तव्यावर होती आणि एक माझ्या हातावर. सरांच्या मागं संघाबरोबर आलेल्या डॉक्टर बाई उभ्या होत्या. त्यांना मराठी येत नव्हतं. त्या इंग्रजीत विचारायच्या आणि सर ते मराठी करून मला विचारायचे. भांडी घासणाऱ्या रुक्मिणीनं नळ बंद केला. कांदा चिरणारी शबाना चाकू हातात धरून थांबली. दोघी माझ्या तोंडाकडं बघायला लागल्या.

हातावरची भाकरी मी परातीत आपटली.

‘सर, तीस वर्षं झाली, लेकरांना खायला घालायलेय. औषध घालणारी बाई वाटले का मी तुम्हाला?’

‘तसं नाही हो मावशी. हो की नाही, एवढंच सांगा.’

‘न्हाय. आन परत विचारू नका.’

सरांनी कागदावर चार ओळी लिहिल्या आणि मला वाचून दाखवल्या. लाडवांत किंवा इतर कोणत्याही पदार्थात मी औषध घातलं नाही, असं त्यात होतं. मी चौथी शिकलेली आहे. अंगठा देत नाही. पीठ पुसून मी त्या कागदावर ठसठशीत सही केली. डॉक्टर बाईंनी फाईल मिटली.

ते माझ्या तोंडून गेलेलं ‘न्हाय’ खोटं होतं आणि मी खोटं बोलत नव्हते. या दिवाळी अंकाच्या संपादकांनी मला खेळाडूंच्या खाण्यापिण्याच्या गमती लिहायला सांगितल्या. गमती आहेत, त्या येतीलच. पण हे मधोमध पडलेलं आहे, ते ओलांडून मला दुसरं काही लिहिता येत नाही.

शहरातल्या लोकांसाठी सांगते. आमच्याकडं औषध म्हणजे फवारणीचं. पिकावर मारतात ते. ‘अमक्यानं औषध घेतलं’ असं कुणी म्हणालं तर पुढं काय झालं ते विचारावं लागत नाही. आजारपणात आम्ही गोळी घेतो, सुई घेतो, सलाईन लावतो, काढा पितो, पुडी खातो. आणि बाईनं कुणाच्या खाण्यात औषध घातलं म्हणजे तिनं त्याला मारायला घातलं. माझ्या जावेनं औषध घेतलं तेव्हा फौजदारानं घरात येऊन मला हेच विचारलं होतं, ‘कालवणात औषध तुम्ही घातलं का?’ तिनं स्वतःच्या हातानं घेतलं होतं आणि दवाखान्यात मरायच्या आधी तसं सांगितलंही. म्हणून मी सुटले. त्यानंतर तोच प्रश्न मला मॅनेजर सरांनी विचारला.

पुडी त्या वेळी मला आठवली नाही. इतक्या दिवसांत मी हे स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. राग आला की माणसाला आठवायचं काम राहत नाही. रागाची तेवढी सोय असते.

धाराशिवच्या बाहेर, तुळजापूर रस्त्याला, एका संस्थेचं खेळाचं वसतिगृह आहे. तिथल्या स्वयंपाकघरात मी तीस वर्षांहून जास्त आहे. लोकांना वाटतं, खेळाडूंचं जेवण म्हणजे दूध, बदाम आणि कोंबडी. तसं काही नसतं. खेळाडूंचं जेवण म्हणजे घड्याळ. सरावाच्या दोन तास आधी काय, संपल्यावर अर्ध्या तासात काय, सामन्याच्या दिवशी काय नाही. कुस्तीवाल्याला वजन धरायचं असतं, धावणारीला पोट हलकं लागतं, खो-खोवाल्या पोरींना सारखं काहीतरी चघळायला लागतं. आणि प्रत्येकीच्या आईनं घरून सांगून पाठवलेलं असतं की माझ्या लेकीला अमुक चालत नाही.

एकदा पुण्याहून आहाराच्या बाई आल्या. छोटा तराजू घेऊन.

‘मावशी, तुमची भाकरी किती ग्रॅमची असते?’

‘हाताच्या अंदाजाची.’

‘अंदाज म्हणजे किती?’

‘अंदाज म्हंजे अंदाज. मोजा की तुमचं तुम्ही.’

त्यांनी दहा भाकरी मोजल्या. दोन-तीन ग्रॅमच्या वर फरक एकीत नव्हता. बाईंनी तराजू पिशवीत घातला आणि एक भाकरी ठेच्याबरोबर उभ्याउभ्या खाल्ली. त्या दिवशी मी जरा फुगले होते, हे कबूल करते.

पण माझ्या हाताला खोडही आहे. समोर लेकरू उपाशी दिसलं की तो थांबत नाही. एक पैलवान मुलगी होती, भूमकडची. दुसऱ्या दिवशी तिचं वजन होणार होतं आणि ती दोन दिवस नुसत्या लिंबूपाण्यावर होती. स्वयंपाकघराच्या दारात बसून वास घ्यायची. मी तिला कुणाला न कळू देता दोन घास पिठलं-भात दिला. दोन घासांचे किती झाले ते तिनंही मोजलं नाही आणि मीही नाही. सकाळी काटा थोडा वर गेला आणि ती वजनातच बाद झाली.  तिच्या बापानं येऊन सांगितलं, ‘मावशी, तुमच्या मायेनं पोरीचं वरीस घालवलं.’ तेव्हाच मी शहाणी व्हायला पाहिजे होतं.

रग्बीचं शिबिर आमच्याकडं आलं ते मैदानामुळं. गवत चांगलं होतं आणि खोल्या रिकाम्या होत्या. देशाच्या मुलींचा संघ होता. आशियातल्या देशांची मोठी स्पर्धा पुढं होती आणि मागच्या वेळी त्यांचं पहिल्या चारात यायचं एका सामन्यानं हुकलं होतं. यंदा पहिल्या चारात, हे वाक्य मी रोज सकाळी पोहे वाढताना ऐकायचे. कोच मॅडमनी ते भिंतीवर लिहून लावलं होतं.

रग्बी म्हणजे काय ते मला आधी माहीत नव्हतं. अंड्यासारखा लांबट चेंडू असतो. सात जणी मैदानात, पाच बाहेर. चेंडू हातात घेऊन पळायचं आणि समोरच्या टोकाला जमिनीवर टेकवायचा. पळायचं पुढं, पण चेंडू कुणाला द्यायचा तर मागच्या पोरीलाच द्यायचा. पुढं फेकला की चूक. सात मिनिटं खेळायचं, दोन मिनिटं दम खायचा, परत सात मिनिटं. एवढ्यासाठी वर्षभर मरायचं. समोरची पळत आली की तिला कमरेखाली धरून खाली आणायचं, त्याला टॅकल म्हणतात. पहिल्या दिवशी मी कुंपणाशी उभी राहून बघितलं आणि रुक्मिणीला म्हणाले, ‘हे तर आपल्या बाजारात एसटीत जागा धरायचं झालं.’

पोरी कुठून कुठून आलेल्या. ओडिशाच्या चौघी होत्या. त्यांनी पहिल्याच आठवड्यात रात्रीचा उरलेला भात पाण्यात भिजवून ठेवायला सांगितला. मी म्हणाले, शिळा भात पाण्यात घालून म्हशीला देतात. त्यांच्यातली एक हिंदीत म्हणाली, ‘मावशी, मग आम्हाला म्हशी समजा, पण द्या.’ दिला. कांदा-मिरचीबरोबर त्यांनी तो असा खाल्ला की तिसऱ्या दिवशी मीही वाटी घेऊन बसले. उन्हाळ्यात पोटाला गार पडतो. आता आमच्या घरी होतो.

सगळ्यांत कोमल आपली. परंडा तालुक्यातल्या एका वस्तीवरची, बापाची मेंढरं. नाव कोमल, आणि खांदे बघावेत तर दाराच्या चौकटीएवढे. टॅकलमध्ये तिच्याइतकी कुणी नव्हती. मैदानाच्या डाव्या कडेला उभी राहायची आणि त्या कडेनं कुणाला जाऊ द्यायची नाही. कोच मॅडम म्हणायच्या, डावीकडचं दार बंद आहे, आपण उजवीकडचं बघू.

एका दुपारी ती स्वयंपाकघरात आली आणि पोत्यावर बसली.

‘मावशी, गुडघा लई ठणकायलाय.’

‘त्या दुखण्यावर बर्फ लावणाऱ्या मॅडमला दाखव की.’

‘दावला तर बारातून काढत्याल. पुण्याची मॅच झाली की बारा जणींची नावं लागणारैत. तवर कुणाला कळू द्यायचं न्हाय.’

‘मग मी काय करू? मी डाक्टर हाय का?’

‘तुमचा बी गुडघा दुखत व्हता की. आता तर चटाचटा चालताव.’

तिनं बरोबर बघितलं होतं. दोन वर्षांपूर्वी मला पायरी चढवत नव्हती. मग आठवडी बाजारात झाडाखाली बसणाऱ्या एका वैद्याची पुडी सुरू केली. भुरकट रंगाची पूड, कागदाच्या घडीत. दुधातून रोज एक. चौथ्या दिवशी मी जिना चढले. तोंड जरा गोल झालं, बायका म्हणायच्या, सरूबाई अंगात भरली. मलाही तसंच वाटलं. वैद्य म्हणायचा, सगळी झाडपाल्याची आहे, लहान लेकराला दिली तरी चालते.

मी कोमलला म्हणाले, ‘थांब, तुला काहीतरी देते.’

‘औषध नको मावशी. विचारल्याबिगर औषध घ्यायला बंदी हाय आमाला.’

‘औषध कुठं द्यायलेय? लाडू देते. डिंकाचे. सांध्याला चांगले असत्यात.’

हे शब्द मी बोलले. तिनं स्पष्ट विचारलं होतं आणि मी स्पष्ट उत्तर दिलं होतं. डिंक, खारीक, खोबरं, गूळ, तूप आणि दर लाडवात एक पुडी. पुडीचं मी तिला सांगितलं नाही, कारण वैद्याच्या पुडीचं नाव काढलं की आजकालच्या पोरी नाक मुरडतात. नुसत्या लाडवाला कोण नाही म्हणत? पुण्याच्या सामन्यांसाठी मी तिला डबा भरून दिला आणि बजावलं, ‘रोज एक. दुसऱ्या कुणाला देऊ नको, गुडघा तुझा दुखायलाय.’ त्या एका वाक्यानं बाकीच्या पोरी वाचल्या. माझ्या शहाणपणानं नाही.

पुण्याला कोमल तीन दिवस अशी खेळली की कोच मॅडमनी फोन करून मला सांगितलं, तुमची मुलगी वाघीण आहे. बारा जणींत तिचं नाव पहिल्या चारात लागलं. तिथं काही पोरींची लघवी तपासायला घेतली होती. तसं घेतातच, त्यात कुणाला विशेष वाटलं नाही. तीन आठवड्यांनी, संघ निघायला दहा दिवस असताना, निकाल आला. कोमलच्या लघवीत स्टेरॉईड सापडलं होतं. सामन्याच्या दिवसांत ते अंगात असायला बंदी आहे. डॉक्टर बाईंनी तिला विचारलं, महिनाभरात काय काय खाल्लं ते आठव. तिनं सगळं सांगितलं, त्यात मावशींचे लाडूही सांगितले. म्हणून सर माझ्याकडं आले, आणि मी काय उत्तर दिलं ते वर लिहिलं आहे.

त्याच दिवशी कोमलला घरी जायला सांगितलं. बॅग घेऊन ती स्वयंपाकघरात आली. डोळे कोरडे होते.

‘मावशी, म्या काय बी घेतलं न्हाय.’

‘मग लघवीत कुठून आलं? आकाशातून?’

‘खरंच न्हाय घेतलं.’

‘खाल्लं असशील तर खाल्लं म्हण की बाई. माझ्या लाडवांवर कशाला आणलंस? आज सगळ्यांसमोर मला औषध घालणारी केलीस.’

 ती वाकून माझ्या पाया पडायला लागली, तर मी पाय मागं घेतला. मग ती एसटीला गेली. रुक्मिणी म्हणाली, ‘मावशी, पोरगी तशी वाटत न्हाय.’ मी म्हणाले, ‘तुला काय कळतंय? पोरी नावासाठी काय बी खात्यात.’ हे मी एकदा नाही, आठ-दहा जणांना सांगितलं. संघाबरोबर आलेल्या ट्रॅकसूटवाल्या सगळ्यांना सांगितलं.

संघ अकरा जुन्या आणि एक नवी अशा बारा जणी घेऊन गेला. जाताना पोरींनी मला घोळक्यात घेऊन फोटो काढला. हसा म्हणाल्या, मी हसले.

स्पर्धा आम्ही मेसमध्ये शबानाच्या मोबाईलवर बघितली, डाळीच्या डब्याला टेकवून. पहिल्या चारात यायचं ते या एका सामन्यावर होतं. दुसऱ्या अर्ध्यातली शेवटची मिनिटं उरली तेव्हा आपण पुढं होतो. मग त्यांची एक उंच पोरगी चेंडू घेऊन डाव्या कडेनं सुटली. तिथं नवी मुलगी उभी होती. ती तिला धरायला गेली, पण वर, खांद्याला गेली. कमरेखाली जायचं असतं हे एव्हाना मलासुद्धा कळत होतं. ती उंच पोरगी झटका देऊन निघून गेली आणि चेंडू टेकवला. आपण हरलो. ओडिशाची ती पाण्यातल्या भातवाली गुडघ्यावर बसलेली दिसली. तोंडावर हात होते.

कोमल असती तर जिंकलो असतो, असं मी म्हणणार नाही. खेळात असं कुणी म्हणू नये. ती नव्हती, एवढं खरं आहे. त्या दिवशी मी मोबाईलसमोर तिला शिव्या दिल्या. संघाचं वाटोळं केलं म्हणाले.

महिनाभरानं मला चक्कर आली. धाराशिवच्या सरकारी दवाखान्यात नेलं. साखर भयंकर वाढलेली. तिथं एक तरुण डॉक्टर होता, आमच्याच जिल्ह्यातला, बोलण्यावरून कळत होतं. त्यानं माझं तोंड बघितलं, हाताची कातडी चिमटीत धरून बघितली आणि विचारलं, ‘आजी, पुडी कुणाची घेता?’

घेता का, असं त्यानं विचारलं नाही. कुणाची घेता, असं विचारलं.

मी वैद्याचं सांगितलं. तो म्हणाला, ‘किती दिवस?’

‘दोन वर्सं.’

‘गुडघा चार दिवसांत थांबला असेल.’

‘व्हय. तुम्हाला कसं कळलं?’

‘त्यात स्टेरॉईड कुटून घालतात आजी. बाजारातल्या निम्म्या पुड्यांत असतंय. उरलेल्या घेऊन या माझ्याकडं. आणि एकदम बंद करू नका, मी गोळ्या देतो, हळूहळू उतरवू.’

स्टेरॉईड हा शब्द मी आयुष्यात दोनदाच ऐकला होता. एकदा मॅनेजर सरांच्या तोंडून, एकदा याच्या. मी खाटेवर पडून होते, छताचा पंखा फिरत होता. लाडू एकेक करून वळलेला हात माझ्या पोटावर होता. त्या डॉक्टरला नीट विचारता येत होतं. मला असं कुणी त्या दिवशी विचारलं असतं तर, असं मनात आलं. लगेच दुसरंही आलं, की कोमलनं तर नीट विचारलं होतं.

घरी आले आणि पहिलं काय केलं, तर पाणी तापवायच्या चुलीत राहिलेल्या सगळ्या पुड्या टाकल्या. डॉक्टरनं आणायला सांगितल्या होत्या. पण मला त्या डोळ्यांसमोर नको होत्या. धूर करपट आला.

दुसऱ्या दिवशी एसटीनं परंड्याला गेले, तिथून जीपनं वस्तीवर. कोमल मेंढरांच्या वाड्याशी पाण्याचे कॅन उतरवत होती. एका हातात एक. तिची आई दारात ज्वारी निवडत होती.

‘मावशी? तुमी कशा काय?’

‘पाणी दे आधी.’

पाणी पिऊन मी म्हणाले, ‘लाडवात म्या पुडी घातली व्हती.’

‘कसली पुडी?’

‘माझ्या गुडघ्याची. त्यात त्ये व्हतं.’

कोमल खाली बसली. तिच्या आईनं सूप बाजूला ठेवलं. ‘म्हंजे काय झालं गं?’

‘म्हंजे म्या खरं बोलत व्हते आई. येवढंच झालं.’ कोमल आईकडं बघत म्हणाली. ‘आबा दोन म्हैने बोलला न्हाय माझ्याशी. तू बी लोकावाणी इचारलंस, खाल्लंस का म्हणून.’

आई माझ्याकडं वळली. ‘मावशी, तुमी तर आईवाणी व्हता म्हणून पोरगी सांगायची.’

मी तांब्या खाली ठेवला. 

कोमल मात्र उठली. तिच्या तोंडावर एकदम उजेड आला. ‘चला, सापडलं तरी. आता सरास्नी फोन लावू. पुडी तपासली की झालं. आपल्या हातनं चुकून झालं असं दावता आलं तर थोडक्यात सोडत्यात, कोच मॅडमनी सांगितलंय मला. पुड्या हायत ना मावशी?’

मी मान हलवली. नाही, अशी.

‘समद्या?’

‘चुलीत टाकल्या.’

ती हसली. खरोखर हसली. ‘लई गुणाच्या हाव बगा तुमी,’ म्हणाली.

आम्ही तिघी बाजारात वैद्याच्या झाडाखाली गेलो. तो तिथं नव्हता. शेजारचा बांगडीवाला म्हणाला, पंधरा दिवस झाले बसत नाही. कुठल्या गावचा ते कुणालाच माहीत नव्हतं. दोन वर्षं मी त्याच्या हातचं खाल्लं आणि त्याचं गाव विचारलं नव्हतं. आमच्याकडं पाहुण्याला पाणी द्यायच्या आधी गाव विचारतात.

कोमलच्या बंदीची सुनावणी आमच्या संस्थेच्या कार्यालयात झाली, संगणकाच्या पडद्यावर. तीन चौकटींत तीन माणसं. कोमल माझ्या शेजारी इस्त्रीचा पंजाबी ड्रेस घालून बसली होती. पडद्यावरच्या वकील बाई हिंदीत बोलत होत्या. मी सगळं सांगितलं. दवाखान्याचा कागद दाखवला. त्यावर माझी साखर होती, माझ्या पुडीचं लिहिलेलं होतं. लाडवाचं कुठून लिहिलेलं असणार?

मग बाईंनी तो सहीचा कागद पडद्यावर आणला. माझी सही एवढी मोठी दिसली.

‘ही सही तुमचीच?’

‘माझीच.’

‘यात लिहिलंय, लाडवांत औषध घातलं नाही. आज म्हणता घातलं. यातलं खरं कुठलं?’

‘दोन्ही.’

‘दोन्ही कसं असेल?’

मी सांगायला लागले, की आमच्याकडं औषध म्हणजे फवारणीचं असतं. सर त्याचं हिंदी करत होते. मी दोन मिनिटं बोलले, सरांनी दोन वाक्यं केली. चौकटीतल्या एका माणसानं घड्याळ बघितलं. मी जावेचं सांगू लागले तेव्हा सर हळूच म्हणाले, ‘मावशी, ते नको.’ मी थांबले. पुष्कळदा वाटतं, तेच सांगायला पाहिजे होतं.

बाईंनी शेवटचं विचारलं, ‘कोमल तुम्हाला आवडते का?’

‘आवडती की. लेकीसारखी हाय.’

त्यांनी ते लिहून घेतलं.

निकाल आला तो सरांनी वाचून दाखवला. पुडीचा नमुना नाही, वैद्य नाही, साक्षीदारानं आधी उलट लिहून दिलेलं आहे आणि साक्षीदाराला खेळाडूविषयी माया आहे, म्हणून तिचा शब्द धरता येत नाही. दोन वर्षं बंदी. कोच मॅडम म्हणाल्या, पहिल्याच दिवशी तुम्ही सांगितलं असतं आणि पुडी हातात दिली असती तर कदाचित ताकीद देऊन सोडलं असतं. त्या रागानं म्हणाल्या नाहीत. रागानं म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं.

कोमलनं बाहेर येऊन बूट पिशवीत घातले. मी म्हणाले, ‘दोन वर्सं काय, चुटकीसरशी जात्याल.’

‘व्हय,’ ती म्हणाली. ‘तुमी गोळ्या टायमावर घ्या.’

ती दोन वर्षं संपली. मधल्या काळात तिला मैदानावर पाऊल ठेवून संघाबरोबर सराव करता येत नव्हता, म्हणून एकटीच माळावर मेंढरांमागं पळायची. गुडघा कुणी नीट बघितला नाही. तेव्हा लपवायचा म्हणून, मग पैसे नाहीत म्हणून. बंदी उठल्यावर ती एकदा निवडीला जाऊन आली. पहिल्याच टॅकलला खाली बसली. आता चाकणला एका कंपनीच्या गेटवर सुरक्षेच्या कामाला आहे, बारा तास उभ्यानं. दिवाळीला फोन करते, मी साखर किती आहे ते सांगते.

स्वयंपाकघराच्या दारावर आता एक पाटी आहे, विचारल्याशिवाय काही घेऊ नका अशी. नवीन पोरी आल्या की मी त्यांना गोळा करते आणि आमच्या बोलीत सांगते, पोरींनो, गोळी, सुई, काढा, पुडी, चाटण, मालिशचं तेल, देवाचा अंगारासुद्धा, काय बी घ्यायच्या-लावायच्या आधी संघाच्या डॉक्टर मॅडमला विचारा. आणि मी दिलं तरी विचारा. पोरी हसतात. परवा त्यातली एक म्हणाली, ‘मावशी, भाकरी विचारून खायची का?’ मी म्हणाले, ‘व्हय, भाकरी बी.’

यंदा परत रग्बीचं शिबिर आमच्याकडंच आहे. पुढची मोठी स्पर्धा तोंडावर आली आहे आणि पहिल्या चारात यायचं अजून राहिलेलंच आहे. त्या वेळच्या बारांपैकी पाच जणी या संघात आहेत. डाव्या कडेला जी नवी मुलगी तेव्हा वर, खांद्याला गेली होती तीच आता उभी राहते आणि कमरेखाली धरते. चांगली खेळते. तिचं मी मनापासून बघते, पण फार वेळ नाही.

त्या प्रकरणात मला कुणी कामावरून काढलं नाही, पगार कापला नाही, पोलीस आले नाहीत. साखर आटोक्यात आहे, तोंडाची सूज उतरली. डॉक्टर बाई दुसऱ्या संघाबरोबर गेल्या, मॅनेजर सरांना बढती मिळाली, वैद्य कुठल्यातरी बाजारात बसत असणारच. आम्ही सगळे त्यातून निभावून गेलो. कोमल निभावून गेली नाही.